वस्तीत उतरलेला शास्त्रज्ञ : वाल्डेमार हाफकिन

मुंबईत परळला असलेल्या हाफकिन संस्थेचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. ज्यांचे ते नाव, त्यांची ओळख मात्र फारच थोड्यांना असते. वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९४ मध्ये कलकत्त्यातील कांठाल बागान बस्तीत पटकी शिरली. परक्या साहेबाच्या सुईला लोक बिचकत होते. हाफकिन यांनी बंगाली डॉक्टरांना सोबत घेतले आणि लोकांदेखत स्वतःच्याच अंगात सुई टोचली. बस्तीतील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. सक्ती कोणावरच नव्हती.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत अहोरात्र खपून त्यांनी नवी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःला टोचली. त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबांच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरांत शिरत होते. माजघर, देवघर, बायाबापड्या यांची कसलीही भीड त्यांनी बाळगली नाही. लोक रोगी लपवू लागले, आणि जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. रोग एक, सरकार एक. पण पुण्यातील अधिकाऱ्यांना आपण कोणाच्या उंबरठ्यावर उभे आहोत याचे भान नव्हते, असेच म्हणावे लागते. मुंबईत तिसऱ्या आगाखानांनी अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, तेव्हा खोजा समाजातील पुष्कळजण निःशंकपणे पुढे आले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही दिला.

असा विश्वास मिळवायला वर्षे लागतात. तो डळमळायला एक कुपी पुरली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच कुपीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद गमवावे लागले. कुपी गावात उघडताना ती दूषित झाली असावी, असे पुढे पुराव्यांवरून दिसून आले. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. ते पुन्हा कलकत्त्यास रुजू झाले, पण प्लेगच्या लशीचे काम त्यांच्या हाती परत आले नाही. पुढे त्यांनी निवृत्त होऊन हिंदुस्थान सोडला. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.