गोळेश्वरचा पहिलवान

यंदा क्रीडास्पर्धांच्या नावनोंदणीसाठी आमची मंडळी घरोघर फिरली, तेव्हा निम्म्या घरांतून एकच उत्तर आले : मुलाला ट्यूशन आहे. माझे घरही त्यात होते हे कबूल करतो! त्यावरून खाशाबा जाधव आठवले.

कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. पोराला पाचव्या वर्षीच त्यांनी तांबड्या मातीत उतरवले. पण शाळा सुटली नाही. कराडचे टिळक हायस्कूल, पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, असे शिक्षण आणि तालीम बरोबरच चालले. अंगाने ते काही धिप्पाड नव्हते; चपळाई हीच त्यांची ताकद.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला गडी तिथे मॅटवर उतरला आणि सहावा आला. परत आल्यावर त्यांनी तयारी आणखी वाढवली.

१९५२ च्या हेलसिंकीसाठी मात्र पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर ७,००० रुपयांना गहाण टाकले. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी! मास्तर असावा तर असा.

बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती ते हरले, आणि लगेच रशियन मल्लासमोर उभे राहावे लागले. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो धरून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले, तरी ब्राँझ पदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळाले १९९६ साली लिअँडर पेसला, म्हणजे ४४ वर्षांनी.

कराड स्टेशनवर (तेव्हा ती लाइन मीटरगेज होती, हे आमच्या खात्यातल्यांसाठी) ते उतरले, तेव्हा दीडशे बैलगाड्यांची मिरवणूक त्यांना गावात घेऊन गेली. हारतुरे वाळण्याआधीच त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. मला स्वतःला पदकापेक्षा हाच प्रसंग मोठा वाटतो.

१९५५ मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले आणि असिस्टंट कमिशनर होऊन निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०२४ पासून त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होऊ लागला.

ही हकिकत जेवताना घरी सांगितली. चिरंजीवांनी विचारले, मग माझे नाव का नाही दिले? दुसऱ्या दिवशी शंभर मीटरमध्ये त्याचे नाव घातले, आणि ट्यूशनच्या सरांना फोन मीच केला.