राजाचा नातू आणि दोन-दोन दिसणारं जग

ऑगस्टस डेस्टे हा इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा सख्खा नातू. जन्म १७९४ चा. आईवडिलांचं लग्न राजाच्या परवानगीशिवाय झालेलं, म्हणून ते रद्द ठरलं आणि ह्याचा राजघराण्यातला हक्क गेला. पण तो लक्षात राहिला त्याच्या डायरीमुळे.

डिसेंबर १८२२ मध्ये तो एका जिवलग नातेवाइकाला भेटायला स्कॉटलंडला गेला. पोहोचला तर ते वारलेले. अंत्यविधीनंतर लगेच त्याची नजर अंधुक झाली. पत्रंसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. मग काही उपचार न करता डोळे आपोआप बरे झाले! १८२७ मध्ये फ्लॉरेन्सला मात्र प्रत्येक वस्तू दोन-दोन दिसू लागली. डॉक्टरांनी पित्ताला दोष दिला, कानशिलाला जळवा लावल्या. नजर सुधारली, श्रेय अर्थातच जळवांना! खरं तर हा आजार सुरुवातीला असाच येतो-जातो. पुढे त्याचे पायही लुळे पडत गेले.

आजार होता मल्टिपल स्क्लेरोसिस. यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवरचं मायलिन नष्ट करते. आपल्या भाषेत, वायरचं इन्सुलेशन जातं. सिग्नल रखडतो, दोन्ही डोळे एकाच बिंदूवर वळत नाहीत आणि मेंदूला दोन चित्रं मिळतात. एक डोळा झाकला की दुसरं चित्र गायब.

वीसहून जास्त वर्षं तो हे सगळं लिहीत राहिला. १८४८ मध्ये वारला. पॅरिसच्या शार्को यांनी ह्या आजाराचं नीट वर्णन केलं १८६८ मध्ये, आणि ऑगस्टसच्या नोंदींवरचं पुस्तक निघालं थेट १९४८ साली.