विश्लेषण : जॅकी रॉबिन्सन यांना संधी देणारे ब्रँच रिकी कोण होते?

दरवर्षी १५ एप्रिलला अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचे सर्व खेळाडू ४२ क्रमांकाची जर्सी घालतात. हा क्रमांक जॅकी रॉबिन्सन यांचा. १९४७ मध्ये याच दिवशी ते ब्रुकलिन डॉजर्सकडून पहिला सामना खेळले आणि कृष्णवर्णीय खेळाडूंवरची साठहून अधिक वर्षांची अलिखित बंदी मोडली. त्यांना करारबद्ध करणारे ब्रँच रिकी यांची प्रशिक्षक म्हणून सुरुवात मात्र कॉलेजच्या मैदानावर झाली होती.

हॉटेलमध्ये काय घडले?

रिकी यांचा जन्म १८८१ मध्ये ओहायोतील शेतकरी कुटुंबात झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ऐन विशीत ते ओहायो वेस्लियन विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. या संघात चार्ल्स थॉमस हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. इंडियानातील साउथ बेंड येथे सामन्यासाठी गेल्यावर हॉटेलने त्याला खोली नाकारली. रिकी यांनी वाद घालून त्याची सोय स्वतःच्या खोलीत करून घेतली. त्या रात्री थॉमस रडत रडत आपल्या हातांची कातडी घासत होता, हा प्रसंग रिकी पुढे आयुष्यभर सांगत राहिले. थॉमस पुढे दंतवैद्य झाला.

प्रशिक्षक म्हणून वेगळेपण काय?

खेळाडू म्हणून रिकी सामान्यच होते. १९०७ मध्ये ते कॅचर असताना प्रतिस्पर्ध्यांनी एकाच सामन्यात १३ बेस चोरले. त्यानंतर त्यांना क्षयरोगाने गाठले. त्यातून बरे होऊन मिशिगन विद्यापीठात कायदा शिकताना त्यांनी तिथल्या संघाला प्रशिक्षण दिले (१९१० ते १९१३). तिथेच त्यांना जॉर्ज सिस्लर सापडला. याच सिस्लरने १९२० च्या हंगामात २५७ हिट्सचा विक्रम केला. तो २००४ पर्यंत अबाधित होता.

तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा होतकरू मुले हेरून घडवायची, ही कॉलेजातली सवय रिकी यांनी व्यावसायिक खेळात नेली. सेंट लुई कार्डिनल्सकडे श्रीमंत संघांइतका पैसा नव्हता. म्हणून त्यांनी छोट्या शहरांतील संघ ताब्यात घेऊन तिथे खेळाडू तयार करण्याची ‘फार्म’ पद्धत उभी केली. कार्डिनल्सने १९२६ मध्ये पहिली वर्ल्ड सीरिज जिंकली.

रॉबिन्सन यांची निवड कशी झाली?

ऑगस्ट १९४५ मध्ये रिकी यांनी रॉबिन्सन यांना ब्रुकलिनला बोलावले. वर्णद्वेषी प्रेक्षक, हॉटेल कारकून, प्रतिस्पर्धी अशा भूमिका स्वतः वठवत त्यांनी रॉबिन्सन यांना अपमानास्पद बोल ऐकवले. कितीही डिवचले तरी उलट उत्तर द्यायचे नाही, अशी अट होती. ती पाळण्याची किंमत मात्र रॉबिन्सन यांनाच मोजावी लागली. पहिल्याच हंगामात ते सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरले.

टीका कशावरून होते?

या निर्णयामागे हिशेबही होता. कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये गुणवान खेळाडू होते आणि नवे प्रेक्षकही मिळणार होते. रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळत होते, त्या संघाला रिकी यांनी मोबदला दिला नाही. खेळाडूंना पगार देतानाही त्यांचा हात आखडता असे.

डिसेंबर १९६५ मध्ये रिकी यांचे निधन झाले. दोन वर्षांनी त्यांचा बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. रॉबिन्सन यांना हा मान त्याआधीच, १९६२ मध्ये मिळाला होता.