टाचण्यांचा तज्ज्ञ

पाइनच्या जुन्या झाडाची साल अगदी जवळून बघितली, तर कधी कधी भेगांमध्ये कुणीतरी टाचण्या टोचून ठेवल्यासारखं दिसतं. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची काळपट दांडी, वर इवलंसं डोकं. हे लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल माहितीये ना? तेही लायकेनच, पण ते निदान डोळ्यांना दिसतं. या टाचण्या मात्र कुणाच्या गावीही नसतात. विल्यम नीलँडरने १८५७ मध्ये चक्क त्यांच्यावर प्रबंध लिहिला!

नीलँडरचा जन्म १८२२ चा, फिनलंडमधल्या औलूचा. शिकला डॉक्टरकी, पण रमला मुंग्या-मधमाश्यांमध्ये आणि मग लायकेनकडे वळला तो कायमचाच. हेलसिंकी विद्यापीठात तो वनस्पतिशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. एवढी पक्की नोकरी सोडून १८६३ मध्ये त्याने पॅरिस गाठलं आणि मरेपर्यंत तिथेच राहिला.

लायकेन ओळखायचं म्हणजे डोकेदुखी. दोन प्रकार दिसायला सेम टू सेम, मग वेगळे सांगायचे कसे? नीलँडर सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू तर बघायचाच, पण १८६६ मध्ये त्याने आणखी एक युक्ती काढली. लायकेनवर कॉस्टिक पोटॅशचा किंवा ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाचा एक थेंब टाकायचा आणि रंग बदलतो का ते बघायचं. प्रत्येक प्रकारातली रसायनं वेगळी, त्यामुळे कुठे पिवळा, कुठे लाल, तर कुठे काहीच नाही. पाइनवरच्या टाचण्यांमध्ये केनोथेका फेरुजिनिया नावाची एक आहे. तिच्या करड्या थरावर गंजासारखे डाग असतात. त्यांवर पोटॅशचा थेंब पडला की ते लाल होतात. ही टेस्ट आजही जगभर करतात. नीलँडरने जगभरच्या लायकेनना हजारो नावं दिली. आपल्या निलगिरीचं नाव मिरवणारी एक जात आहे, तीही त्यानेच नोंदवलेली.

त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट हेरली. पॅरिसमध्ये इतरत्र लायकेन फारसं दिसत नाही, पण लक्झेंबर्ग बागेत मात्र ते भरपूर आहे. म्हणजे इथली हवा चांगली, असं त्याने मांडलं. प्रदूषण मोजायची यंत्रं तेव्हा कुठे होती!

एवढी बारीक नजर, पण पुढे तीच अडली. स्विस शास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर याने १८६७ च्या सुमारास सांगितलं, की लायकेन हा एक जीव नाहीच, ती बुरशी आणि शेवाळ यांची जोडी आहे. नीलँडर भडकला. पुरावे वाढत गेले, बाकीचे पटत गेले, हा मात्र हटायला तयार नाही. स्वभाव मुळात भांडकुदळ, त्यात हा वाद! एकेक सहकारी दुरावत गेला. मला विचाराल तर यात नुसता अहंकार नसावा. ज्याला आयुष्यभर एकेक नाव दिलं, तो एक जीवच नाही, हे गळी उतरणं सोपं नाही.

१८९६ मध्ये त्याने पुन्हा नोंद केली, लक्झेंबर्ग बागेतलं लायकेन नाहीसं झालंय. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये तो एकाकी अवस्थेतच गेला. त्याने जमवलेले पन्नास हजारांहून जास्त नमुने मात्र हेलसिंकीला परतले. ते आजही तिथेच जपलेले आहेत.