सायक्लोन हा शब्द कुणी दिला? हेन्री पिडिंग्टन आणि तुमच्या फोनवरचा वादळाचा नकाशा

मी देऊळगाव राजाचा, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्याकडून समुद्र साडेतीनशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. तरीही आज मी चक्रीवादळावर लिहितोय, कारण २०२० च्या जूनमध्ये मी माझ्या सख्ख्या भावाला फोनवरचा नकाशा चुकीचा वाचून दाखवला होता.

दादा तेव्हा श्रीवर्धन तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होता. लॉकडाऊनमुळे गावाकडे येता आलं नाही आणि तो तिथेच अडकला. २ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळाचा नकाशा माझ्या फोनवर आला. त्यातली रेघ अलिबागच्या आसपास किनाऱ्याला लागत होती. मी अलिबाग ते श्रीवर्धन अंतर मोजलं, सरळ रेषेत साधारण ६५ किलोमीटर. मग दादाला फोन करून सांगितलं की रेघ तुझ्यावरून जात नाही, टेन्शन घेऊ नकोस. घरात सगळ्यांना वाटायचं की मोबाईलमधलं मला जास्त कळतं, त्यामुळे आईसुद्धा निश्चिंत झाली.

सुदैवाने दादाने माझं ऐकलं नाही. ग्रामपंचायतीने कच्च्या घरातल्या लोकांना स्लॅबच्या शाळेत यायला सांगितलं होतं, तो तिथे गेला. ३ जूनला दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. तो राहायचा त्या घराचे पत्रे उडाले, मालकाची सुपारीची वाडी आडवी झाली. सकाळी अकरानंतर फोन लागेना, तो चौथ्या दिवशी लागला. ते चार दिवस आई माझ्याशी फारसं बोलली नाही.

नंतर मी शोधत बसलो की माझं नेमकं चुकलं कुठे. शोधता शोधता जवळपास दोनशे वर्षं मागे, कलकत्त्यातल्या एका माणसापर्यंत पोहोचलो. त्याचं नाव हेन्री पिडिंग्टन. 'सायक्लोन' हा शब्द त्याचाच.

जहाजावरचा माणूस, कलकत्त्यातलं टेबल

पिडिंग्टनचा जन्म १७९७ चा, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातला. तरुणपणीच तो व्यापारी जहाजांवर गेला, पुढे कप्तान झाला आणि भारत-चीनच्या समुद्रात फिरला. नंतर समुद्र सोडून कलकत्त्यात स्थायिक झाला. तिथे तो खनिजांच्या सरकारी संग्रहालयाचा क्युरेटर होता आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा अध्यक्षही. वादळांचा अभ्यास हे त्याचं पगाराचं काम नव्हतं, पण उरलेलं आयुष्य त्याने त्यातच घातलं.

१८३८ मध्ये विल्यम रीड या इंग्रज अधिकाऱ्याचं वादळांच्या नियमांवरचं पुस्तक आलं. अमेरिकेत विल्यम रेडफिल्डने १८२१ च्या वादळात पडलेली झाडं पाहिली होती. एका भागात झाडं एका दिशेला पडलेली, दुसऱ्या भागात बरोबर उलट्या दिशेला. यावरून त्याच्या लक्षात आलं की मोठं वादळ सरळ वाहत नाही, गोल फिरतं. पिडिंग्टनने हे वाचलं आणि ठरवलं की बंगालच्या उपसागरातही हे खरं आहे का ते तपासायचं.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात रिकाम्या वावरात वावटळ उठते, पाचोळा घेऊन गरगरत पुढे सरकते. चक्रीवादळ तसंच गोल फिरतं आणि फिरता फिरता पुढे सरकतं. पण ते कैक पटींनी मोठं असतं आणि समुद्राच्या गरम पाण्यावर पोसलं जातं. वावटळ आपल्याला बाहेरून दिसते. चक्रीवादळ इतकं मोठं असतं की आत सापडलेल्या माणसाला त्याचा आकार दिसतच नाही. त्याला फक्त एका बाजूने येणारा वारा जाणवतो.

मग सॅटेलाइट नसताना हा आकार बघायचा कसा?

इंटरनेटच्या आधीचं क्राउडसोर्सिंग

पिडिंग्टनने यासाठी जहाजांची लॉगबुकं वापरली. प्रत्येक जहाजावर ठरावीक वेळाने नोंद व्हायची: जहाज कुठे आहे, वारा कुठून येतोय, बॅरोमीटर किती. वादळातून वाचलेल्या जहाजांच्या नोंदी तो कप्तानांकडून आणि बंदरांवरच्या अधिकाऱ्यांकडून मागवायचा. मग एका ठरावीक वेळेची सगळी जहाजं एकाच नकाशावर मांडायची आणि प्रत्येकाजवळ वाऱ्याचा बाण काढायचा. एकट्या बाणावरून काहीच कळत नाही. दहा-पंधरा बाण एकत्र आले की गोल दिसायला लागतो, आणि त्याच्या मधोमध वादळाचं केंद्र सापडतं. दुसऱ्या दिवसाच्या नोंदी तशाच मांडल्या की केंद्र कुठे सरकलं तेही कळतं. आज आपण ज्याला 'ट्रॅक' म्हणतो तो हाच.

हे काम फार किचकट होतं. घड्याळं जुळायची नाहीत, जागा चुकलेल्या असायच्या, काही लॉगबुकं तर जहाजाबरोबरच बुडालेली. तरी १८३९ पासून पुढची कित्येक वर्षं त्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एकेका वादळावर वीसहून जास्त निबंध लिहिले.

त्याच्या हाती आलेलं एक लॉगबुक तर कमालीचं होतं. १८४५ मध्ये मॉरिशसजवळ 'चार्ल्स हेडल' नावाचं जहाज वादळात सापडलं. कप्तानाने वारा पाठीवर घेऊन पळ काढला. त्याला वाटलं आपण लांब चाललोय, पण पाच दिवस जहाज वादळाच्या केंद्राभोवती फेऱ्याच मारत राहिलं. शेकडो मैल धावूनही ते सुरुवातीच्या जागेपासून फार लांब गेलं नव्हतं. वादळ गोल फिरतं याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

१८४८ मध्ये पिडिंग्टनचं खलाशांसाठीचं 'सेलर्स हॉर्न-बुक' आलं. हॉर्न-बुक म्हणजे त्या काळची मुलांची मुळाक्षरांची पाटी, जिच्यावर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा लावलेला असायचा. याच पुस्तकात त्याने 'सायक्लोन' हा शब्द मांडला. ग्रीक भाषेत त्याच्या मुळाशी वर्तुळाचा आणि सापाच्या वेटोळ्याचा अर्थ आहे.

पुस्तकासोबत दोन पारदर्शक कार्डं यायची. त्यांवर वर्तुळं आणि वाऱ्याचे बाण छापलेले. एक कार्ड उत्तर गोलार्धासाठी, कारण इथे चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. दुसरं दक्षिण गोलार्धासाठी, तिथे ते घड्याळाच्या दिशेने फिरतं. कप्तानाने कार्ड समुद्राच्या नकाशावर ठेवायचं आणि आपल्याकडचा वारा बाणाशी जुळवायचा. मग वर्तुळात आपण कुठे आहोत आणि केंद्र कोणत्या बाजूला आहे ते कळायचं. आज आपण ॲपमध्ये नकाशावर वाऱ्याचा लेयर ऑन करतो, ही कल्पना त्याच जातीची. फक्त बॅटरी लागत नव्हती!

त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. वारा अगदी पूर्ण वर्तुळात वाहतो असं त्याने धरलं होतं. प्रत्यक्षात तो केंद्राकडे आत वळत जातो. ही चूक पुढे मॉरिशसच्या चार्ल्स मेल्ड्रम यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिली. आणि पुस्तक होतं जहाजांच्या कप्तानांसाठी. किनाऱ्यावरच्या कोळ्यांपर्यंत आणि शेतकऱ्यांपर्यंत ते पोहोचण्याची सोयच नव्हती.

न ऐकलेला इशारा

पिडिंग्टन जमिनीवरच्या धोक्याबद्दलही बोलत होता. चक्रीवादळात सगळ्यात जास्त माणसं बऱ्याचदा वाऱ्याने मरत नाहीत, पाण्याने मरतात. वारा समुद्राचं पाणी किनाऱ्यावर ढकलतो आणि पाण्याची भिंतच आत शिरते. आंध्रच्या किनाऱ्यावरचं कोरिंगा बंदर १७८९ मध्ये आणि पुन्हा १८३९ मध्ये असंच पाण्याखाली गेलं होतं.

१८५० च्या दशकात इंग्रज सरकारने कलकत्त्याच्या दक्षिणेला, सुंदरबनच्या तोंडाशी मातला नदीवर नवं बंदर बांधायचं ठरवलं. १८५३ मध्ये पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल डलहौसीला जाहीर पत्र लिहिलं. जागा चुकीची आहे, एक दिवस वादळाची लाट येईल आणि सगळं बुडवेल, असा त्याचा इशारा होता. सरकारने तो मनावर घेतला नाही. बंदर झालं, रेल्वेही गेली, नाव पडलं पोर्ट कॅनिंग.

पिडिंग्टन १८५८ मध्ये कलकत्त्यातच वारला. १८६७ च्या नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळ आलं, लाट बंदरात शिरली आणि पोर्ट कॅनिंगचं कंबरडं मोडलं. पुढच्या काही वर्षांत बंदर म्हणून ते संपलं.

त्याआधी १८६४ मध्ये कलकत्त्यावर आलेल्या वादळाने प्रचंड जीवितहानी झाली होती. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाचे इशारे सुरू झाले. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं आणि १८८० मध्ये मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ला अशा पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांनाही इशारे मिळू लागले.

माझं काय चुकलं होतं?

आता परत माझ्या २ जूनच्या फोनकडे येऊ. मी तीन चुका केल्या.

पहिली, मी रेघेला रस्ता समजलो. रेघ म्हणजे फक्त केंद्राचा अंदाजे मार्ग. वादळ त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना शंभर-दोनशे किलोमीटर पसरलेलं असू शकतं. पिडिंग्टनचं कार्ड म्हणूनच वर्तुळाचं होतं, रेघेचं नव्हतं.

दुसरी, रेघेभोवतीचा पसरत जाणारा पट्टा मी पाहिलाच नाही. तो अनिश्चिततेचा पट्टा असतो, म्हणजे केंद्र त्यात कुठेही जाऊ शकतं. आणि तो पट्टा म्हणजे वादळाचा आकार नाही. पट्ट्याबाहेरही जोराचा वारा आणि पाऊस असतो.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. मी बाजू पाहिली नाही. आपल्याकडे वादळ ज्या दिशेने सरकतं, त्या दिशेला तोंड केलं तर उजवी बाजू जास्त धोक्याची, कारण तिथे वादळाचा फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र होतात. निसर्ग ईशान्येकडे सरकत होतं. मुंबई डाव्या बाजूला राहिली. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली उजव्या बाजूला आले आणि नारळ-सुपारीच्या बागा झोपल्या. ज्या ६५ किलोमीटरवर मी खूश होतो, ते नेमके चुकीच्या बाजूला होते.

पुढच्या वादळाआधी हे करा

रंग ओळखा: हवामान खातं आधी सुमारे ७२ तासांपूर्वी पूर्वसूचना देतं. मग ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारिंगी आणि सुमारे १२ तास आधी लाल टप्पा येतो. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की वादळाला नाव मिळतं. पण नाव पडायची वाट बघू नका.

नकाशावरची वेळ बघा: व्हॉट्सॲपवर फिरणारा नकाशा कालचा असू शकतो. हवामान खात्याची साइट किंवा 'मौसम' ॲप उघडून ताजं बुलेटिन वाचा. धोक्याच्या सूचनांसाठी 'सचेत' ॲप आहे. विंडीसारखं ॲप समजून घ्यायला छान, पण घर सोडायचं की नाही हे प्रशासनाच्या सूचनेवरूनच ठरवा.

वाऱ्याकडे तोंड करा: केंद्र तुमच्या उजव्या हाताला, किंचित मागे असतं. डोंगर आणि इमारतींमुळे थोडा फरक पडतो. काही फोनमध्ये बॅरोमीटर सेन्सरही असतो. आकडा झपाट्याने उतरत असेल तर केंद्र जवळ येतंय असं समजा.

शांततेला फसू नका: केंद्र डोक्यावरून जाताना वारा अचानक पडतो. लोक पत्रे बघायला बाहेर येतात आणि मग उलट्या बाजूने वारा सुटतो. पिडिंग्टनच्या काळातल्या खलाशांनाही हे माहीत होतं.

आदल्या दिवशी करायची कामं: फोन आणि पॉवर बँक फुल करा, ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधा, पिण्याचं पाणी भरा. कुठे जाणार ते गावाकडे एसएमएस करून कळवा. कॉल लागत नसतानाही कधी कधी एसएमएस जातो.

४ जूनच्या पहाटेपर्यंत निसर्ग क्षीण होत पश्चिम विदर्भात पोहोचलं होतं. आमच्या अंगणात नुसती भुरभुर होती. दादाच्या घराचे पत्रे उडवणारं तेच वादळ आमच्या दारात पाऊस होऊन आलं होतं, आणि मी फोन हातात घेऊन त्याला कॉल लावत होतो.

दादा आता बदली होऊन इकडे आलाय. पण त्याचे बरेच सहकारी अजून किनाऱ्यावरच्या शाळांमध्ये आहेत. अरबी समुद्रात काही हललं की ते मला नकाशा पाठवतात आणि विचारतात की रेघ कुठे लागते. मी आता आधी विचारतो की तुम्ही रेघेच्या कोणत्या बाजूला आहात आणि डोक्यावर स्लॅब आहे की पत्रा. तुमचंही कुणी किनाऱ्यावर असेल तर हा लेख त्यांना आजच पाठवा. वादळ आल्यावर नेटवर्क असेलच असं नाही.