शिकवणाऱ्या विमानांचा शिल्पकार : डॉ. विष्णु माधव घाटगे

(द्वितीय वर्ष, कला)

फडात कुस्ती मारली की पहिलवानाला फेटा मिळतो, गावोगाव त्याचे नाव होते. त्याला पोरवयात लंगोट बांधून हौद्यात उतरवणाऱ्या वस्तादाची आठवण मात्र फार थोडे जण ठेवतात. विमानदलाचेही असेच आहे. मिग, मिराज, जग्वार, राफेल ही नावे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण कोणताही वैमानिक पहिल्या दिवशी लढाऊ विमानात बसत नाही. त्याआधी त्याला एका साध्या, हळू चालणाऱ्या, चुका पोटात घालणाऱ्या विमानावर शिकावे लागते. त्याला प्रशिक्षण विमान म्हणतात. स्वतंत्र भारताच्या विमानदलाला स्वदेशी आराखड्याचे असे पहिले विमान ज्यांनी दिले, ते डॉ. विष्णु माधव घाटगे आपल्या मराठी मुलखातले. त्यांची ओळख आपल्या महाविद्यालयातील वाचकांना व्हावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिते आहे.

पनवेलकरांना विमानांचे नवल आता फारसे राहिलेले नाही. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या नव्या विमानतळाच्या धावपट्टीवर विमान उतरले, तेव्हा ते प्रवाशांचे नव्हते. विमानदलाचे सी-२९५ हे मालवाहू विमान होते. सुखोई-३० हे लढाऊ विमानही त्या दिवशी गर्जत धावपट्टीवरून गेले. उलव्याची टेकडी सपाट होताना आणि शेजारच्या गावांची घरे उठताना ज्यांनी पाहिली, त्या आम्हा लोकांना कौतुक वाटले आणि पोटात कालवलेही. तेव्हापासून मी विमानदलाच्या विमानांची यादी वहीत उतरवू लागले. १९३२ साली दलाची स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी चार वापिती विमानांनिशी पहिली तुकडी उभी राहिली. पुढे हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट आली. १९४८ साली व्हॅम्पायर हे पहिले जेट आले. १९५३ साली तुफानी, मग मिस्टीअर, हंटर, कॅनबेरा, आणि १९६३ साली मिग-२१. यादी लांबत गेली तशी एक गोष्ट ध्यानात आली. वापिती, स्पिटफायर, हंटर इंग्रजांची. तुफानी व मिस्टीअर फ्रेंचांची. मिग व सुखोई रशियाची. उडवणारे हात आपले, आखणारे परके. या परक्या नावांच्या गर्दीत मधेच एच. टी.-२ आणि किरण ही दोन नावे भेटली. दोहोंच्या मागे एकच माणूस उभा होता.

विष्णु माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातील हसूर चंपू या गावी झाला. अमेरिकेत राइट बंधूंनी पहिले उड्डाण केले त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. हिंदुस्थानच्या आकाशात तर अजून विमान उडालेच नव्हते, ते उडाले १९१० साली. ज्या गावात बैलगाडी हेच वाहन, त्या गावच्या मुलाने पुढे विमानाचे शास्त्र आपले मानले. मुंबई विद्यापीठाची एम. एस्सी. झाल्यावर उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत गटिंगेन येथे गेले.

गटिंगेन म्हणजे त्या काळची गणित व पदार्थविज्ञानाची पंढरीच. तेथे प्राध्यापक लुडविग प्रांट्ल होते. आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. विमानाभोवतून हवा कशी वाहते, या प्रश्नाचे मर्म प्रांट्ल यांनी १९०४ साली उकलले. ते समजायला आपल्या वर्गातला पंखा पुरे आहे. पंखा वर्षभर गरगर फिरतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ बसतेच. इतक्या वाऱ्यात ती उडून का जात नाही ? कारण पात्याला अगदी चिकटून हवेचा एक पातळ थर असतो, आणि पात्यालगतची हवा पात्याबरोबरच फिरते. धुळीला वारा असा लागतच नाही. विमानाच्या पंखावरही असाच थर असतो. हा थर पंखाला धरून राहिला तर विमान उचलले जाते. तो सुटला की पंखाची उचल जाते आणि विमान खाली येऊ लागते. विमान आखणाऱ्याची निम्मी विद्या या पातळ थरात आहे. ती घाटग्यांनी तिच्या मूळ पुरुषापाशी बसून घेतली. १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता, गटिंगेनमधील कितीतरी मोठ्या ज्यू शास्त्रज्ञांना पदे व देश सोडावा लागला होता. अशा अस्वस्थ दिवसांत, परक्या भाषेच्या देशात राहून घाटगे यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळवली.

डॉक्टरेट मिळाली, पण तिचा उपयोग करायचा कोठे ? देशात विमानाचा एकही कारखाना नव्हता. शिकून आल्यावर हातच्या विद्येला काम नाही, ही व्यथा आजच्या पदवीधरांनाही अनोळखी नाही. सुदैवाने दुसऱ्याच एका मराठी मुलखातल्या माणसाच्या डोक्यात विमानांचा कारखाना घोळत होता. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. घाटगे तेथे गेले आणि दहा माणसे बसतील असे एक ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, त्यांनी १९४१ साली आखले. जी-१ हे त्याचे नाव. ते एकच बांधले गेले. महायुद्ध भडकले, कारखाना सरकारने ताब्यात घेतला आणि तेथे मित्रराष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती सुरू झाली. नवे विमान आखण्याचे दिवस पुढे गेले.

माणूस खचायचा तो येथे. घाटगे शिकवायला गेले. डिसेंबर १९४२ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. विमाने आखता येत नाहीत तर विमाने आखणारी माणसे तयार करू, असाच जणू त्यांनी या मधल्या काळाचा उपयोग केला. पुढे कारखान्यात स्वदेशी आराखड्याचे काम निघाले, तेव्हा मनुष्यबळ अगदी शून्यातून जमवावे लागले नाही.

स्वातंत्र्यानंतर ते काम निघाले आणि डॉ. घाटगे मुख्य आराखडाकार झाले. पहिले विमान कोणते करावे ? लढाऊ विमानाचा मोह कोणालाही झाला असता. पण गरज निराळी होती. विमानदलातले शिकाऊ वैमानिक तेव्हा टायगर मॉथ या दोन मजली पंखांच्या, लाकडी-कापडी इंग्रजी विमानावर शिकत. त्याच्या जागी स्वतःचे विमान हवे होते. म्हणून एच. टी.-२ जन्माला आले. सर्व अंग धातूचे, पंखांची एकच जोडी, एकामागे एक दोन आसने, आणि दोन्ही आसनांपाशी विमान चालवण्याचे दांडे. विद्यार्थ्याचा हात चुकला की गुरूचा हात ताबा घेई. इंजिन १५५ अश्वशक्तीचे, तेवढे मात्र इंग्लंडचे.

ऐकायला हे सोपे वाटते. पण शिकवणारे विमान आखणे लढाऊ विमान आखण्याइतकेच अवघड आहे. शिकाऊ पोर ते धाडकन जमिनीवर आपटणार, म्हणून चाकांचे पाय दणकट हवेत. आकाशात वेग कमी पडला तर विमानाने वेळेवर इशारा द्यावा आणि सावरायला सवड द्यावी. पण ते फार गरीबही असून चालत नाही. ज्या विमानात चूक करताच येत नाही, त्यात चूक सावरणेही शिकता येत नाही. प्रेमळ आणि कडक या दोन्ही गुणांचे माप बरोबर साधावे लागते. चांगल्या शिक्षकाची व्याख्या याहून वेगळी काय असते ?

ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी एच. टी.-२ प्रथम आकाशात नेले. भारतीयांनी आखलेले आणि भारतीयांनी बांधलेले हे विमान पुढे विमानदलात रुजू झाले. अशी दीडशेच्या वर विमाने बांधली गेली आणि सुमारे तीन दशके ती नव्या वैमानिकांना उडायला शिकवत राहिली. एवढेच नव्हे, आफ्रिकेतल्या घानाने १९५९ साली आपले विमानदल उभारले, तेव्हा त्याच्यासाठी बारा एच. टी.-२ भारतातून गेली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका देशाच्या मुलांनी उडण्याची बाराखडी आपल्या विमानांवर गिरवली.

त्यानंतर उड्डाण मंडळांसाठी पुष्पक हे दोन आसनी हलके विमान १९५८ साली उडाले. सैन्याला शत्रूच्या तोफांचा माग काढता यावा म्हणून त्याच घराण्यातले कृषक विमान तयार झाले. याच काळात १९५६ साली कुर्ट टँक हे नामांकित जर्मन आराखडाकार बंगलोरला आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली मारुत हे जेट लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी उडाले. १९७१ च्या युद्धात ते लढले. मारुतचे श्रेय टँक यांचे आहे. पण घाटग्यांनी दहा-पंधरा वर्षे आराखडाकारांची फळी घडवली नसती, तर टँक यांच्या हाताखाली काम करायला माणसे कोठून आली असती?

डॉ. घाटगे यांचे शेवटचे मोठे काम म्हणजे किरण. जेट विमानांचा काळ आल्यावर शिकवणारे विमानही जेट हवे झाले. ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरणचे पहिले उड्डाण झाले आणि १९६८ पासून ते विमानदलात येऊ लागले. एच. टी.-२ मध्ये गुरू-शिष्य एकामागे एक बसत. किरणमध्ये ते शेजारी-शेजारी बसतात. गुरूच्या हाताची हालचाल शिष्याला दिसते, शिष्याच्या चेहऱ्यावरची भीती गुरूला दिसते. सर्व प्रकार मिळून सुमारे अडीचशे किरण बांधली गेली. १९९६ साली बिदरला स्थापन झालेल्या सूर्यकिरण या कसरतपथकाने २०११ पर्यंत देशभर जी नेत्रदीपक उड्डाणे केली, ती याच विमानाच्या पुढच्या आवृत्तीवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आराखडाकाराचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक होते. सरकारने १९६५ साली त्यांना पद्मश्री दिली होती. १९९१ साली ते निवर्तले. बंगलोरमधील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या सभागृहाला आज त्यांचे नाव आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील गवंडीकाम करतात, आई भाजी विकते. विमानावर लेख लिहिते म्हटल्यावर मैत्रिणी हसल्या. विज्ञानाच्या मुलांनी लिहायचे ते तू का लिहितेस, हा त्यांचा प्रश्न. मला मात्र घाटग्यांचे चरित्र वाचताना इंजिनापेक्षा आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई जास्त आठवल्या. अक्षर चुकले तर त्या हात धरून गिरवून घेत आणि जमू लागले की हळूच हात सोडून देत. हात कधी धरावा आणि कधी सोडावा हे ज्याला कळते, त्याच्याच हातून एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा एके दिवशी एकटा आकाशात जातो. ज्यांच्या घरात आधी कोणी शिकलेले नाही, त्यांना या पहिल्या हाताची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही.

कौतुकाच्या भरात एक उणीव झाकून ठेवू नये. एच. टी.-२ चे इंजिन इंग्लंडचे, किरणचेही तिकडचे. मारुतला साजेसे जोरकस इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही. आजच्या तेजस विमानाचे इंजिनही अमेरिकेचे आहे. देह आपला, काळीज उसने, हे दुखणे जुने आहे. शिकवणाऱ्या विमानांकडेही मधल्या काळात दुर्लक्ष झाले. एच. टी.-२ नंतर आलेले दीपक हे विमान २००९ साली बसवून ठेवावे लागले. तेव्हा नवशिक्यांचे पहिले धडेही किरणवर द्यावे लागले. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा आराखडा पुन्हा पहिलीच्या वर्गावर उभा राहिला. पुढे स्वित्झर्लंडहून पंचाहत्तर विमाने विकत घ्यावी लागली. आता एच. टी. टी.-४० हे स्वदेशी प्रशिक्षण विमान तयार झाले आहे. २०१६ साली त्याचे पहिले उड्डाण झाले, २०२३ साली सत्तर विमानांचा करार झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कारखान्यातून निघालेले त्या मालिकेतले पहिले विमान बंगलोरला उडाले. त्याच्या नावातच घाटग्यांच्या एच. टी.-२ ची खूण आहे.

२५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या विमानतळावरून प्रवासी विमाने ये-जा करू लागली आहेत. आपल्या तालुक्यातली पुष्कळ मुले तेथे सामान उचलण्याच्या, गाड्या चालवण्याच्या कामाला लागतील. कोणतेही काम हलके नाही, आणि घरात चूल पेटली पाहिजे हे मला कोणी सांगायला नको. पण ज्या मातीवर धावपट्टी झाली, त्या मातीतली एखादी पोर उद्या विमानाचा आराखडाही मांडील की नाही, हा प्रश्न आपण, आणि विशेषतः आपल्या गुरुजनांनी, मनाशी धरला पाहिजे. हसूर चंपूहून गटिंगेनपर्यंतची वाट १९३० च्या दशकात निघाली होती. पनवेलहून ती आज निघणे अशक्य नाही. डॉ. घाटगे यांनी युद्धाच्या धामधुमीत काम थांबले तेव्हा वर्ग घेतला, आणि काम मिळाले तेव्हा वर्ग घेणारी विमाने आखली. अशा गुरूला आपल्या महाविद्यालयाच्या वतीने विनम्र अभिवादन.