अमेरिकेनं भारताची जी सवलत काढून घेतली, तिच्यासाठी भांडला होता अर्जेंटिनाचा माणूस

५ जून २०१९. अमेरिकेनं भारताला ‘जीएसपी’मधून बाहेर काढलं. जीएसपी म्हणजे विकसनशील देशांच्या मालावर श्रीमंत देशांनी कमी किंवा शून्य आयात शुल्क घ्यायचं. बातम्यांमध्ये ट्रम्प गाजले. पण ही सवलत मिळवून देणाऱ्या राउल प्रेबिश यांचं नाव आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही.

प्रेबिश १९०१ मध्ये अर्जेंटिनातल्या तुकुमानमध्ये जन्मले. १९३५ मध्ये देशाची मध्यवर्ती बँक सुरू झाली, तेव्हा अवघ्या ३४ व्या वर्षी ते तिचे पहिले महाव्यवस्थापक झाले. जागतिक मंदीत त्यांनी एक गोष्ट जवळून पाहिली होती. गहू आणि मांसाचे भाव कोसळले, पण बाहेरून येणाऱ्या यंत्रांचे भाव तेवढे उतरले नाहीत. म्हणजे तेच यंत्र घ्यायला जास्त गहू विकावा लागत होता.

१९४३ मध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि त्यांचं पद गेलं. पुढं ते संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिका आर्थिक आयोगात, चिलीला गेले. नुसता कच्चा माल विकून देश वर येत नाही, कारखाने काढावे लागतात, हे त्यांनी तिथं मांडलं.

पण कारखान्यातला माल विकायचा कुठं? श्रीमंत देशांच्या दारात शुल्काची भिंत होती. १९६४ मध्ये जिनिव्हात ‘अंक्टाड’ ही व्यापार परिषद भरली, प्रेबिश तिचे पहिले महासचिव झाले. त्यांची मागणी सरळ होती : गरीब देशांना शुल्कात सूट द्या आणि बदल्यात काही मागू नका. तेव्हाचा नियम मात्र सांगायचा, एकाला सूट दिली तर ती सगळ्यांना द्या. अमेरिकेनं विरोध केला.

अखेर १९६८ मध्ये दिल्लीत भरलेल्या दुसऱ्या परिषदेत या कल्पनेला मान्यता मिळाली. १९७१ मध्ये युरोपनं, १९७६ मध्ये अमेरिकेनं सवलत सुरू केली. तोपर्यंत प्रेबिश यांनी पद सोडलं होतं. भारतानं त्यांना १९७४ सालचा नेहरू पुरस्कार दिला. १९८६ मध्ये ते सँतियागोत वारले.

पण मेख तेव्हाच मारलेली होती. कुठल्या मालाला आणि कुणाला सूट द्यायची, हे देणाराच ठरवणार. अमेरिकेनं कपडे, बूट, घड्याळं असा बराच माल आधीच वगळला. प्रेबिश यांनी हक्क मागितला होता, हातात पडली ती मेहरबानी. म्हणूनच २०१९ मध्ये ती एका आदेशानं काढून घेता आली.